शेवटच्या आजारपणात वेदनाशमन मागून घ्या : गोव्यातल्या घरांसाठी धागा

अबोली_फोंडा

“आता घरी न्या, सेवा करा.”

कॅन्सर पसरलेल्या माणसाच्या घरच्यांना इस्पितळात हे वाक्य ऐकवलं जातं आणि तिथून पुढे त्यांना वाली उरत नाही. सेवा करायची म्हणजे काय करायचं, मध्यरात्री दुखणं अनावर झालं तर कुठली गोळी द्यायची, जेवण सुटलं तर नळी घालायची का, श्वास लागला तर १०८ बोलवायची की नाही, यातलं काहीच कुणी सांगितलेलं नसतं. ओळखीतल्या बऱ्याच घरांतून हेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. जाणकारांनी भर घालावी.

माझं सांगणं एकच आहे. आजार पूर्ण बरा होणार नाही असं डॉक्टरांनी ज्या दिवशी सांगितलं, त्याच दिवशी पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांबद्दल, विचारा. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. केमो किंवा रेडिएशन चालू असलं तरी विचारा, दोन्ही एकत्र चालतं. हॉस्पिस हा त्यातला शेवटचा टप्पा. आजारावरचे उपचार थांबले आहेत, हातात काही आठवडे किंवा महिने उरलेत, अशा वेळी दुखणं, धाप, मळमळ, जखमा, झोप, भीती या सगळ्याकडे लक्ष देणारी माणसं सोबत असणं म्हणजे हॉस्पिस सेवा. ती मरण ओढून आणत नाही आणि लांबवतही नाही.

या कामाची आजची पद्धत सिसिली सॉन्डर्स यांनी घालून दिली. त्या आधी नर्स होत्या, मग इस्पितळातल्या समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. रुग्णाच्या वेदनेत शरीराचं दुखणं असतं तशीच पैशांची काळजी असते, मुलांची असते, देवावरचा रागही असतो, आणि हे सगळं एकाच वेळी हाताळावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ साली वांद्र्याला सुरू झालं. टाटा हॉस्पिटलमधले कर्करोग शल्यविशारद डॉ. लुईस जुझे डिसोझा यांनी ते उभं केलं. त्याचीच शाखा आपल्याकडे सासष्टीत लोटलीला आहे. फोंड्याहून निघून बोरीचा पूल ओलांडला की पलीकडे लोटली! इतकं जवळ असून आमच्या भागातल्या कितीतरी घरांना ते माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कॅन्सरच्या पुढच्या अवस्थेतल्या रुग्णांना तिथे ठेवून घेतात, पैसे घेत नाहीत, जात-धर्म बघत नाहीत.

आमच्या सासूबाईंचं आजारपण मात्र घरीच झालं. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस बदलायला गेलं की किंचाळायच्या. तोवर पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉलवर चाललं होतं. पेन क्लिनिकमधून (दुखणं कमी करण्यासाठीच्या दवाखान्यातून) तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक सुरू झालं, मात्रा बसायला थोडा वेळ गेला, आणि मग त्या रात्रभर झोपू लागल्या. त्या झोपल्या म्हणून घर झोपलं. नवऱ्याने दुकान पुन्हा नियमित उघडायला सुरुवात केली. दुखण्याला घाबरून आजीच्या खोलीत पाऊल न टाकणारी नातवंडं खाटेच्या पायथ्याशी पत्ते मांडून बसायला लागली. चवथ आली तेव्हा सासूबाईंनी पडल्या पडल्या गणपतीवरची फळाफुलांची सगळी माटोळी बांधून घेतली. सुपारीचा घड या टोकाला, आंबाडे त्या टोकाला, आणि कांगणांशिवाय माटोळी कसली म्हणून थोरल्या नातवाला रानात पिटाळलं.

घरच्यांना यातून काय मिळतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. त्याआधी आम्ही दिवसभर औषधं, चादरी आणि भीती सांभाळत होतो. दुखणं आटोक्यात आल्यावर आम्हाला त्यांच्याजवळ सून म्हणून, मुलगा म्हणून बसता आलं.

---

म्हादईकाठ

फार गरजेचा धागा. माझ्या वडिलांना कॅन्सर नाही, सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुना धापेचा आजार आहे. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन देणारं यंत्र, लावलंय. आम्ही वाळपईच्याही पुढे राहतो, रात्री धाप वाढली की बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठेपर्यंत जीव टांगणीला लागतो. हे सगळं फक्त कॅन्सरसाठीच असतं का? आणि मडगावचं हॉस्पिसियो म्हणतात ते हेच का?

---

अबोली_फोंडा

हॉस्पिसियो म्हणजे मडगावचं सरकारी इस्पितळ, ते वेगळं. लोटलीचं फक्त कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहे. पॅलिएटिव्ह केअर मात्र कुठल्याही मोठ्या दीर्घ आजारात घेता येते. बाकीचं भूलतज्ज्ञ नीट सांगतील, ते इथे वाचत असतात.

---

भूलतज्ज्ञ

वाचतोय. ड्युटी संपवून सविस्तर लिहायला बसलो.

म्हादईकाठ, सीओपीडी, निकामी होत चाललेलं हृदय, मूत्रपिंडाचा शेवटचा टप्पा, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, मोटर न्यूरॉन (स्नायू निकामी करत जाणारा मज्जातंतूंचा आजार) या सगळ्यांत ही सेवा लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती पोचते.

वडिलांची धाप वाढेल तेव्हा टेबलफॅनचा वारा थेट चेहऱ्यावर, नाकागालावर येईल असा ठेवा. उपाय साधा आहे, पण चेहऱ्यावरच्या गार वाऱ्याने धापेची जाणीव खरोखर कमी होते. आडवं झोपवू नका. समोर टेबल, त्यावर उशा आणि उशांवर दोन्ही हात टेकून थोडं पुढे झुकवून बसवा. जवळ एकाच माणसाने शांत बसावं, खोलीत गर्दी नको. कॉन्सन्ट्रेटरचा आकडा आपल्या मनाने वाढवू नका, सीओपीडीत जास्त ऑक्सिजन घातक ठरू शकतो. बाकी औषधं पुरी पडत नसतील तर अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन धापेवरही देतात, ते तुमच्या छातीच्या डॉक्टरांशी बोलून त्यांच्या देखरेखीखालीच.

आता मॉर्फिनबद्दल. रोज ऐकतो, “डॉक्टर, मॉर्फिन नको, सवय लागेल” किंवा “मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलंच ना?”. कॅन्सरच्या दुखण्यासाठी योग्य मात्रेत, तोंडाने, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणं क्वचितच घडतं. शरीराला त्याची सवय होते हे खरं, त्यामुळे ते एकदम बंद करायचं नाही, उतरवत आणायचं. आणि मॉर्फिन घेत माणसं कित्येक महिने हिंडत-फिरत, काम करत राहतात. ते दुखणं किती आहे त्यावर ठरतं, किती दिवस उरले त्यावर ठरत नाही.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळ बघून द्यायची. दुखायला लागण्याची वाट पाहिली की पुढची मात्रा वेदनेच्या मागे धावत राहते. मधेच दुखणं उसळलं तर त्यासाठी वेगळी जादा मात्रा लिहून घ्या, ती किती वेळा दिली ते वहीत टिपा आणि ती वही पुढच्या भेटीत दाखवा. त्या वहीवरूनच आम्ही रोजची मात्रा ठरवतो. सुरुवातीला थोडी गुंगी आणि मळमळ असते, ती बहुतेकांची काही दिवसांत जाते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. मूत्रपिंड कमजोर असेल तर आम्हाला आधी सांगा. मॉर्फिनचे घटक शरीरात साचतात, मग फेंटानिलसारखं दुसरं औषध निवडावं लागतं. फेंटानिलची पट्टी साधारणपणे तीन दिवसांनी बदलायची असते. तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध एकदम जास्त शोषलं जातं.

आणखी एक. कोपऱ्यावरच्या फार्मसीत मॉर्फिन मिळालं नाही म्हणून निराश होऊ नका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात परवान्यांची इतकी भानगड होती की इस्पितळांनी ते ठेवणंच सोडून दिलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधांना ‘आवश्यक’ ठरवलं आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच मान्यतेवर ती ठेवता येऊ लागली. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा, आमच्या जवळची अशी संस्था कुठली? गोळी स्वस्त आहे. अडतं ते लिहून देणाऱ्यापाशी.

लवकर सुरू करण्याचा मुद्दा अबोलीताईंनी मांडलाच आहे. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बोस्टनचा एक अभ्यास आला होता. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ रुग्ण. त्यांतल्या साधारण अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, अखेरच्या काळातले आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरी त्यांचं मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरलं, दुसऱ्या गटाचं ८.९. प्रत्येक आजारात आयुष्य वाढेल असा याचा अर्थ काढू नका. पण “हे सुरू केलं की माणूस लवकर जातो” या भीतीला आधार नाही, एवढं यातून नक्की कळतं.

---

पेडणेकर_दोहा

मी कतारला असतो. आई गावी, पोटाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलाय. मोठा भाऊ आणि वहिनी सगळं करतात. वहिनीची पाठ गेली आहे, भाऊ रजा संपवून बसलाय. त्याने लोटलीचं नाव काढलं तेव्हा मावश्या रडायलाच लागल्या, “आईला आश्रमात टाकणार तुम्ही?” म्हणून. शिवाय ख्रिस्ती सिस्टर (नन) लोकांचं ठिकाण, तिथे आईच्या भजनाचं, पूजेचं काय, हाही प्रश्न आहे. दुरून पैसे पाठवणाऱ्याने यावर बोलावं का, तेच कळत नाही मला. पण भाऊ आतून पिळून गेलाय, हे फोनवरही ऐकू येतं.

---

अंत्रुजकार

पेडणेकरभाऊ, आमच्या शेजारचे काका तिथे होते. गळ्यातली तुळशीची माळ शेवटपर्यंत गळ्यात होती, उशाशी पोथी होती. काकी रोज जाऊन बसायच्या, हरिपाठ म्हणायच्या. सिस्टरनी कधी त्यावर शब्द काढला नाही. उलट काका कशाने शांत होतात हे त्यांनी काकींनाच विचारून घेतलं होतं.

‘टाकणं’ म्हणायचं कशाला, यावर मी खूप विचार केला आहे. माणसाला दुखत राहू देणं आणि त्याची सून कंबर मोडून खाटेला टेकलेली असणं, यात कुणाची माया दिसते? तुमच्या भावाने आईचा हात सोडलेला नाही, तो मदत मागतोय. मावश्यांना वाईट वाटणारच, बहीण आहे त्यांची. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना एकेक रात्र वाटून द्या. आल्या तर वहिनीला झोप मिळेल, आणि त्या रात्री ताईचं दुखणं जवळून पाहिल्यावर त्यांचं मतही कदाचित बदलेल.

तुम्ही दुरून बोलू नये असं मला वाटत नाही. पैशांपेक्षा एक गोष्ट तुम्ही करू शकता. सगळ्या नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. रोज तीच हकीकत पंधरा जणांना सांगून भाऊ थकला असेल.

---

सिस्टर_वाळपई

पंचवीसेक वर्षं नर्सिंगमध्ये आहे. घरी करता येण्यासारखं थोडं लिहिते.

दर दोन तासांनी कूस बदला. एअर मॅट्रेस असली तरी बदला, त्या गादीने काम कमी होतं, संपत नाही. उचलताना चादरीवर दोघांनी धरून उचला, बगलेत हात घालून ओढू नका. कातडी फाटते आणि वहिनींसारखी पाठही जाते. माकडहाड, टाचा, कोपर, कानाची पाळी रोज उजेडात बघा. लाली दिसली आणि दाबून ती गेली नाही तर तिथून जखम सुरू झाली समजा.

तोंड. सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडे होतं. मऊ ब्रश किंवा बोटाला गॉज गुंडाळून दिवसातून चार-पाच वेळा तोंड पुसा, ओठांना तेल लावा. पांढरे डाग दिसले तर बुरशी आहे, औषधाने लवकर बरी होते आणि दोन घास जायला लागतात.

जखमेला वास येत असेल तर घरातली माणसं खोलीत जायला बिचकतात आणि रुग्णाला ते कळतं. मी एका बाईंना पाहिलंय, नातवाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. मेट्रोनिडॅझॉलची गोळी बारीक करून जखमेवर टाकायला डॉक्टर सांगतात, जेलही मिळते. वास उतरतो. किती साधी गोष्ट, पण कुणी सांगितलेली नसते.

आता जेवणाचं. याच्यावरून घरात सगळ्यात जास्त रडारड होते. आपल्याकडे माया म्हणजे भरवणं. पेज केली, दोन चमचे घेऊन आईने तोंड फिरवलं, की मुलगी बाहेर सोप्यावर येऊन रडते. बाय, शरीराचं काम आवरत आलं की भूक आपसूक जाते. तिला भुकेचे कढ येत नसतात. जबरदस्तीने घातलेला घास श्वासनळीत जातो आणि न्यूमोनिया होतो. सलाईन लावलं तर तेच पाणी फुप्फुसांत, पायांत उतरतं आणि घरघर वाढते. पेजेची निवळ चमचाभर, तिवळाचा घोट, बर्फाचा तुकडा चोखायला, मागतील तेव्हा मागतील तेवढं. चव हवी असते त्यांना. एका आजोबांनी खाऱ्या बांगड्याचा तुकडा नुसता जिभेवर ठेवायला मागितला होता. दिला. काय खुश झाले होते!

शेवटी शेवटी घशात घरघर वाजते. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस गुदमरतोय. बहुतेक वेळा त्या माणसाला शुद्ध नसते आणि त्याला त्रास जाणवत नसतो. एका कुशीवर करा, डोकं थोडं उंच ठेवा. घसा वारंवार खेचून साफ करायला जाऊ नका. घशातला स्राव कमी करणारी इंजेक्शनं असतात, कातडीखाली देता येतात, शीर शोधावी लागत नाही. हे डॉक्टरांकडून आधीच लिहून, आणून ठेवा. रात्रीच्या वेळी गावात काही मिळत नाही.

आणि रुग्णाचं बघणाऱ्या माणसाचं वजन, झोप, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या हेही कुणीतरी विचारा. मी घरी गेले की रुग्णाआधी सुनेला विचारते, “तू जेवलीस?”

---

कुळागर

सिस्टर, तुमचं लिखाण छापून भिंतीवर लावतोय.

एक विचारायचं होतं. आमच्या घरात आईला कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. ‘पोटात गाठ आहे, औषधाने विरघळेल’ असं चाललंय. पपांचा हट्ट आहे, कळलं तर ती हाय खाईल. पेन क्लिनिकला जायचं म्हटलं तर तिथल्या पाटीवर, केसपेपरवर सगळं लिहिलेलं असणार. मग जायचं कसं?

---

अबोली_फोंडा

सासूबाईंनाही सांगितलेलं नव्हतं. एक दिवस त्या मला म्हणाल्या, “पोरांना सांगू नको मला कळलंय म्हणून, घाबरतील.” आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या आमच्यापासून.

---

भूलतज्ज्ञ

हे मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहतो. केमो झालीय, केस गेलेत, गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅन्सर विभागाबाहेर तासन् तास बसून झालंय. आईंना कळलेलं नसण्याची शक्यता फार थोडी आहे. लपवाछपवीत होतं असं की ती घरात एकटी पडते. कुणाशीच खरं बोलता येत नाही.

पपांवर दडपण आणू नका, चाळीस-पन्नास वर्षांचा संसार आहे. त्यांना आधी एकट्याला भेटायला पाठवा. आम्ही रुग्णाला जाऊन “तुम्हाला कॅन्सर आहे” असं सुनावत नाही. विचारतो, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय? आणखी जाणून घ्यायचंय का, की मुलांशी बोलू? काही जण म्हणतात, “मुलाशी बोला, मला नको.” तोही त्यांचा हक्क आहे आणि आम्ही तो पाळतो. काही जण एकेक प्रश्न विचारत जातात आणि त्यांना पेलेल तेवढंच ऐकतात. खोटं मात्र सांगत नाही, कारण एकदा खोटं पकडलं गेलं की पुढे मॉर्फिनच्या गोळीवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

कळल्यावर सुरुवातीला रडणं होतं, जेवण सुटतं, हे खरं आहे. नंतर बहुतेक जण कामाला लागतात. कुणाला कुलदेवतेला जायचं असतं, कुणाला भावाशी अबोला सोडायचा असतो, कुणाला दागिने स्वतःच्या हाताने वाटायचे असतात. ते करायला अंगात ताकद असताना वेळ मिळावा म्हणून तर सांगायचं.

---

वकील_म्हापसा

दागिन्यांवरून आठवलं. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो, आणि मुलं असतील तर मृत्युपत्राने स्वतःच्या हिश्श्यातल्या निम्म्याचीच मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते. बाहेर कुठेतरी वाचलेले नमुने इथे चालत नाहीत. आजारी माणसाला काही लिहायचं असेल तर शुद्ध आणि सही नीट असतानाच नोटरीकडचं काम उरकून घ्या.

या धाग्याला जास्त लागू पडेल अशी गोष्ट म्हणजे लिव्हिंग विल. ‘मी बरा होण्याची आशा नसेल आणि मला बोलता येत नसेल, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका’ असं आधीच लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये कॉमन कॉज खटल्यात मान्यता दिली. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, सहीला न्यायदंडाधिकारी लागायचे. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही पुरते. तुमच्या वतीने निर्णय कोण घेणार त्यांची नावं त्यात घालायची, एकापेक्षा जास्तही चालतात. प्रत्यक्ष वेळ येईल तेव्हा इस्पितळातलं तीन डॉक्टरांचं मंडळ आणि नंतर दुसरं मंडळ मत देतं, आणि त्यांनी शक्यतो ४८ तासांत ठरवायचं असतं.

आपल्या राज्याने यात पुढाकार घेतलाय. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, गोव्यातलं ते पहिलं.

यात इच्छामरणाचं इंजेक्शन वगैरे काही नाही. नैसर्गिक मरणाच्या आड यंत्रं आणू नका, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. वेदनाशमन, स्वच्छता, पाणी, माणसाची सोबत हे सगळं शेवटपर्यंत चालू राहतं.

---

घुमट

वकीलसाहेब, हा कागद आमच्याकडे असता तर बरं झालं असतं. काकांना एका खासगी इस्पितळात अखेरीस व्हेंटिलेटरवर ठेवलं, काकीला दिवसातून दोनदा काचेतून दाखवायचे. सगळ्यांना कळत होतं काय होणार आहे, पण थांबा म्हणायला कुणालाच जमत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. बिलापेक्षा ती काच मला जास्त सलते. माझं आणि बायकोचं इच्छापत्र आम्ही करून घेतलंय, आणि मुलीला समोर बसवून वाचून दाखवलंय.

---

पेडणेकर_दोहा

सगळ्यांचे आभार. भावाला धागा पाठवला. नातेवाइकांचे फोन आता मी घेतो. धाकटी मावशी शनिवारची रात्र करून गेली आणि सकाळी तिनेच भावाला सांगितलं की काहीतरी करा, हिला फार दुखतं. उद्या केसपेपर घेऊन भाऊ पेन क्लिनिकला जाणार आहे. लोटलीला न्यायचं झालं तर काय कागद लागतील?

---

अंत्रुजकार

बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं स्कॅन, चालू औषधांची यादी, आधार कार्ड, आणि पुढचे उपचार नाहीत असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र. आईला हलवण्याआधी कुणीतरी एकट्याने कागद घेऊन जाऊन भेटून यावं. खाट रिकामी आहे का तेही कळेल, आणि जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलेला माणूस घरात सगळ्यांना समजावू शकतो. मावशीला सोबत न्या.

---

म्हादईकाठ

टेबलफॅनचा उपाय केला. पपांना बरं वाटतं, आता स्वतःच मागतात. आमच्या आरोग्य केंद्रातही विचारलं. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, म्हणजे अशा सरकारी आरोग्य केंद्रांच्या, सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. तिथल्या नर्सबाई घरी येऊन बघून गेल्या.

एक अवघड प्रश्न विचारतो. पपांना इस्पितळात जायचं नाहीये, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंय. घरी काही झालं तर पोलीस, शवचिकित्सा असं काही मागे लागतं का? भाऊ याच भीतीने म्हणतो, शेवटी बांबोळीलाच नेऊ.

---

सिस्टर_वाळपई

नाही लागत. जुन्या आजाराने, डॉक्टरांच्या उपचाराखाली असलेला माणूस घरी गेला तर त्याच डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून प्रमाणपत्र द्यायचं असतं. घरच्या मृत्यूसाठी ४अ नंबरचा फॉर्म असतो. ते घेऊन पंचायतीत नोंद करायची, शहरात असाल तर नगरपालिकेत. मुदत २१ दिवसांची. पोलिसांचा प्रश्न येतो तो अपघात, पडणं, विष, संशय असं काही असेल तर.

म्हणून आत्ताच गावातल्या डॉक्टरांना एकदा घरी बोलवा, पपांना दाखवा, फाइल वाचायला द्या आणि स्पष्ट विचारा, रात्रीअपरात्री फोन केला तर याल का, प्रमाणपत्र द्याल का? महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना पुन्हा दाखवत राहा, म्हणजे रुग्ण त्यांच्या उपचाराखाली राहतो. ते बाहेरगावी असतील तेव्हा दुसरे कोण, तेही विचारून ठेवा. दोघांचे नंबर कपाटाच्या दारावर चिकटवा आणि पपांची इच्छा काय आहे ते भावाला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. नाहीतर ऐन वेळी तो घाबरून १०८ ला फोन करेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.